घंटेचा मान

गुरुजी आमच्या गावात बदलून आले आणि पहिले कितीतरी महिने त्यांनी कुणाच्याच घरचा चहा घेतला नाही. आमच्याकडं माणूस दारात येऊन चहा न घेता गेला, तर त्या घराला चैन पडत नाही. कोण काय बोललं, कुणाचं तोंड वाकडं झालं, साखर संपलीय हे त्याला कसं कळलं, इथपर्यंत चर्चा जाते. आणि हा माणूस तर दारोदार फिरायचा. हातात काळी छत्री, मग ऊन असो, आभाळ असो नाहीतर दोन्ही नसो. उंबऱ्याच्या अलीकडं उभं राहायचं, पोराच्या नावानं आईबापाला हाक मारायची, आणि आत या म्हटलं की मान हलवायची.

"मी आत येणार न्हाय. तुम्ही माझ्या उंबऱ्याला कधी आलात?"

"चहा तरी घ्या, गुरुजी."

"घेईन की. आधी माझ्या शाळंचं पाणी प्या, मग तुमचा चहा."

गावानं ठरवून टाकलं, की माणूस शिष्ट आहे. आमच्या सासूबाईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "त्याला पित्त असंल. पित्तवाल्याला चहा सोसत न्हाय."

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं आहे. कुणी दिलेलं नाही, मी बोलायची थांबत नाही म्हणून ते माझ्याकडंच राहिलंय. पोरं लहान होती तोवर ऐकायची. आता मी नुसतं "आमचे गुरुजी" म्हटलं, की एकजण मोबाईल काढतो आणि दुसऱ्याला एकदम शेतात काम आठवतं. म्हणून हे लिहून ठेवते. कागद मध्येच उठून जात नाही.

आमचं गाव तालुक्याच्या वाशीपासून आत. एसटी येते, पण थांबेलच असं नाही. शाळा चौथीपर्यंत. दोन खोल्या, एक कडुलिंबाचं झाड, एक रांजण, आणि झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. या भागात पूर्वी छोटी रेल्वे होती, तिचाच असावा. तो ठोकायला ट्रॅक्टरची एक जुनी पिन. हीच आमची घंटा. आधीचे मास्तर ती पोरांकडून वाजवून घ्यायचे, आणि पोरं सुटीची घंटा वेळेच्या बरीच आधी वाजवायची.

गुरुजींनी आल्याआल्या पालकांची सभा बोलावली. शाळेच्या मोबाईल ग्रुपवर निरोप टाकला. झाडून सगळ्यांनी खाली अंगठा उठवला. सभेला आलो आम्ही दोघीच. एक ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची बाई, तिला ग्रुपच माहीत नव्हता, लेकीनं सांगितलं म्हणून आलेली. आणि दुसरी मी. मी का गेले? कारण मला वाटलं, गणवेशाचं कापड वाटणार आहेत. पिशवी घेऊन गेले होते.

गुरुजींनी माझ्या पिशवीकडं पाहिलं. रांजणातलं पाणी दिलं. मग रिकाम्या सतरंजीकडं पाहत म्हणाले, "अंगठा उठवणाऱ्या बापाला मी आजवर सही करायला शिकवून शिकवून दमलो, आणि आता मोबाईलनं परत त्याचा अंगठाच केला."

त्यांची अजून एक तऱ्हा होती. ते मोठ्या माणसाला त्याच्या नावानं कधी हाक मारायचे नाहीत. मी म्हणजे सोन्याची आई. आमचे मालक सोन्याचे वडील. एवढंच काय, गावातल्या थोरल्या वाड्याचे तात्या, ज्यांच्यापुढं सरपंच खुर्ची सोडतो, त्यांनाही गुरुजी भर चौकात "सोमूचे आजोबा" म्हणायचे. तात्यांना पहिल्यांदा तर कळलंच नाही, आपल्याला बोलावतायत ते. कळल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि निघून गेले. गावात तात्यांनी मिशीवरून हात फिरवला की लोक कामाला लागतात. गुरुजी पुढच्या दाराला गेले.

मग पोळा आला.

पोळ्याला आमच्या वेशीत दरवर्षी भांडण होतं. पहिली बैलजोडी कुणाची जायची, तोरण कुणाच्या मानाचं, हे आमच्या सासूबाईंच्या लग्नाच्या आधीपासून ठरलेलं आहे, तरी दरवर्षी नव्यानं ठरतं. त्या वर्षी बैल बिचारे झुली घालून उभे, ढोलकी वाजवणारा थकून खाली बसलेला, आणि माणसं एकमेकांच्या पणज्यांची नावं काढतायत. गुरुजी छत्री उघडून एका बाजूला उभे राहून सगळं पाहत होते. मी जवळच होते. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, "सोन्याची आई, ह्या गावाला काम सांगितलं की गाव झोपतंय. मान म्हणलं की पणज्यासकट उठतंय."

दुसऱ्या दिवशी पोरं घरोघरी निरोप घेऊन आली. उद्यापासून शाळेची घंटा पोरं वाजवणार नाहीत. घंटेचा मान रोज एका घराचा. ज्याचं पोर शाळेत, त्याचा मान. घंटा दिली की एक तास वर्गात बसायचं आणि पोरांना आपल्याला येतं ते काहीबी सांगायचं. ज्यांना मान नको असेल त्यांनी कळवावं, त्यांची पाळी शेजारच्या घराला दिली जाईल.

ते शेवटचं वाक्य ज्या माणसाला सुचलं, त्याला आमचं गाव कळलं होतं. शेजारच्या घराला पाळी देण्यापेक्षा माणूस तापात उठून येईल.

सकाळी पाहते तो तात्या फेटा बांधून शाळेच्या फाटकात उभे. त्यांनी धरलेलंच होतं, की पहिला मान वाड्याचा. गुरुजी म्हणाले, "पहिला मान, ज्याचं पोर पहिलीत सगळ्यात लहान, त्याचा. तिथून वर वर." सगळ्यात लहान पोर होतं ओढ्यापलीकडच्या त्या बाईचं.

"म्हंजी वाड्याचा नंबर शेवटी?" तात्या म्हणाले.

"सोमू चौथीत हाय. त्याला परत पहिलीत घालता का? पहिला मान देतो."

तात्या तिथून गेले. पण आपली पाळी आली त्या दिवशी आले, आणि वर्गात बसून पोरांना बैलाचे दात पाहून वय कसं ओळखायचं ते सांगत बसले. एका पोरानं विचारलं, "तात्या, तुम्ही कितवीपतूर शिकलाव?" तात्यांनी लिंबाच्या झाडाकडं पाहिलं. म्हणाले, "हितंच होतो. दुसरीतनं पळालो." पोरं हसली. तात्याही हसले. मी त्यांना हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा मी गोष्ट सांगितली. गोष्टीतली राणी अजून माहेरून निघायची होती, तेवढ्यात खिचडीची वेळ झाली. गणिताचा तास बुडाला. गुरुजी म्हणाले, "सोन्याची आई, पुढच्या पाळीला राणीला एसटीत बसवून आणा."

असं करत करत सगळं गाव त्या उंबऱ्यावरून जाऊन आलं. ऊसतोडीला गेलेल्यांची पाळी गुरुजी पुढं ढकलायचे, खोडायचे नाहीत. कारखान्यांचा हंगाम संपल्यावर ती माणसं परत यायची, आणि अंगावरची धूळ झटकून पहिल्यांदा घंटा द्यायला यायची. कुणी भिंतीचे पोपडे काढले, कुणी रांजणाला तोटी बसवली. कुणी नुसतं येऊन बसलं. गुरुजींना तेही चालायचं. आता ते ज्याच्या-त्याच्या घरी चहाही घेत.

आमच्याकडं आले तेव्हा ओसरीवर बसून त्यांनी अर्धा कप चहा घेतला आणि विचारलं, "चहा कुणी केला?"

"धाकटीनं," सासूबाई म्हणाल्या.

"ती कुठंय?"

"हाय आत."

गुरुजींनी आतल्या अंधाराकडं पाहिलं. एक छोटी पोरगी दाराआडून डोकावत होती. माझ्या दिराची रेणू. दीर कावीळ होऊन गेला, तेव्हा रेणूला नीट बोलताही येत नव्हतं. तेव्हापासून माझी धाकटी जाऊ पुढच्या ओसरीवर आलेली मला आठवत नाही. चूल, गोठा, मागच्या दारानं शेत. तिला कुणी बंदी केली नव्हती. पण कुणी बोलावलंही नव्हतं. आमच्याकडं हळदीकुंकवाची ताटं पुढच्या दारानं येतात, आणि आम्ही बायकाच ती वाटतो, त्यामुळं कुणाला वगळलं हे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

गुरुजींनी रेणूला विचारलं, "शाळंत कधी येणार?"

रेणू म्हणाली, "आई सोडंल तवा."

पुढच्या जूनमध्ये रेणूचं नाव पहिलीत घातलं. पहिलीत ती सगळ्यात लहान. आणि हे आमच्या लक्षात आलं तेव्हा शाळा उघडायला एकच दिवस उरला होता. पहिल्या घंटेचा मान, रेणूच्या आईचा.

सासूबाईंनी दुपारभर सुपारी कातरली. कातरून झाल्यावर म्हणाल्या, "घर एकच हाय. थोरली जाईल." धाकटी आत भांडी घासत होती. तिला मी विचारलं नाही. सकाळी मी दिवाळीची साडी नेसले, केसात फूल घातलं आणि निघाले. खरं सांगायचं तर वाटेत मला बरंही वाटत होतं. लोक बघत होते.

शाळेला पताका लावलेल्या. नवी पोरं बैलगाडीतून मिरवत आणलेली, गळ्यात फुलांच्या माळा. त्यात रेणू, डोळे मोठे करून. सगळं गाव फाटकाशी. मी झाडाखाली गेले, पिन हातात घेतली.

गुरुजींनी छत्रीचं टोक माझ्या आणि रुळाच्या मध्ये धरलं.

"सोन्याची आई, तुमची पाळी श्रावणात येईल."

"सासूबाईंनी पाठवलंय."

"पोर कुणाचं?"

मी पिन खाली ठेवली आणि त्या साडीत कुठं उभं राहावं ते मला कळेना. गुरुजी पायरीवर बसले. छत्री उघडून डोक्यावर धरली, सावली असताना. "रेणूची आई आली की घंटा होईल. घंटा झाली की शाळा भरंल. तोवर शाळा भरलेली न्हाय."

पाच-दहा मिनिटं लोकांना गंमत वाटली. मग कुजबुज सुरू झाली. शेवटी तात्या पुढं झाले. त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता, समजावणीचा होता, आणि त्यामुळंच जास्त जड होता.

"गुरुजी, आज पहिला दिवस हाय. लेकरांचा शुभ दिवस. अशा दिवशी…"

"अशा दिवशी काय?"

"तुमाला कळतंय की."

"मला कळत न्हाय. मी मास्तर हाय, मला उघड सांगावं लागतंय. पोरंबी हैत हितं, त्यांनाबी कळू द्या. सांगा."

तात्यांनी तोंड उघडलं. समोर गाडीत रेणू बसली होती, माळेतलं एक फूल ओढून काढत. ती तात्यांकडंच पाहत होती, की आता हे आजोबा आपल्या आईबद्दल काय सांगतायत. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं, सरपंचाकडं पाहिलं. सगळ्या गावाला ते वाक्य ठाऊक होतं. सगळ्या गावानं ते घराघरात कधी ना कधी उच्चारलं होतं. पण त्या पोरीसमोर ते कुणाला म्हणता येईना. मलाही नाही. तात्यांनी मिशीवरून फिरवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

ऊन चढलं. पताका लोंबायला लागल्या. नवी पोरं गाडीतून उतरून धुळीत बसली. खिचडी शिजवणारी बाई विचारून गेली, "चूल पेटवू का?" गुरुजी म्हणाले, "शाळा भरली न्हाय तर खिचडी कशाची?"

रेणूच उठली शेवटी. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मोठी आई, घरी चल. मला भूक लागलीय."

आम्ही दोघी मागच्या दारानं घरात आलो. धाकटी चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. सासूबाई मधल्या दारात बसलेल्या. रेणू आईच्या समोर जाऊन उभी राहिली, गळ्यातली माळ अर्धी तुटलेली.

"आई, तुझ्यामुळं शाळा भरंना. समदी पोरं बसून हैत. खिचडी बी न्हाय. चल की."

धाकटीचा हात भाकरीवर थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, रेणूकडंही नाही. सासूबाईंकडं पाहिलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तिचा वास सुटला.

सासूबाईंनी नातीच्या गळ्यातली माळ सारखी केली. मग आपल्याशीच बोलल्यागत म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी पोरीला उशीर झाला म्हणायचा." आणि उठून भाकरी उलथली.

"साडी बदलते," धाकटी म्हणाली. कितीतरी दिवसांनी मी तिचा आवाज एवढा स्पष्ट ऐकला.

"थोरली सकाळीच मिरवून आलीय, तेवढं बास," सासूबाई म्हणाल्या. "तू तशीच जा. पोरं उपाशी हैत."

ती पुढच्या दारानं निघाली. हाताला पीठ तसंच. मी मागं, माझ्या दिवाळीच्या साडीत, जणू तिची करवली. फाटकाशी लोकांनी वाट सोडली. तात्या बाजूला सरले, आणि सरताना त्यांनी पायातली चप्पल का काढली, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तिनं पिन उचलली. पिठाचा हात जपून पुढं केला, पिन रुळाला टेकली आणि लगेच मागं आली. आवाज असा झालाच नाही. मी तिच्या शेजारी उभी होते, मला काही ऐकू आलं नाही. ती तशीच खाली मान घालून उभी. आता परत वाजवायला सांगतील, या भीतीनं तिचे खांदे आवळलेले मला दिसत होते.

गुरुजी पायरीवरून उठले. छत्री मिटली.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "शाळा भरली. चला पोरांनो."

पोरं उठून पळाली.

त्यानंतर तासभर ती वर्गात शेवटच्या रांगेत बसली. गुरुजींनी तिला काही सांगायला लावलं नाही. तिच्या पुढं एक पोरगी बसलेली होती, केस सगळे सुटलेले. धाकटीनं पाहिलं, पाहिलं, आणि हात पुढं करून तिची वेणी घालायला लागली. ती झाली तशी शेजारची पोरगी आपणहून मागं सरकून बसली. मग तिसरी. दुसऱ्या दिवशी धाकटी आपणहून शाळेत गेली, दारातच बसली आणि येईल त्या पोरीची वेणी घालायला लागली. पुढं हे रोजचंच झालं. ऊसतोडीला आईबाप गेलेल्या पोरी तर कंगवा घरून घेऊनच यायच्या.

घंटेच्या त्या दिवशी संध्याकाळी गुरुजी आमच्याकडं चहाला आले. धाकटीनं कप आणून समोर ठेवला. गुरुजी म्हणाले, "ह्या हातचा चहा मागं प्यालोय, पण तो सोन्याच्या आईच्या नावावर प्यालो होतो." सासूबाई म्हणाल्या, "पित्त गेलं व्हय तुमचं?" गुरुजींना काही कळलं नाही. मी पदर तोंडाला लावून आत गेले.

हा माणूस असा का होता, ते आम्हाला कधी समजलं नाही. तामलवाडीकडचे, एवढंच ठाऊक. कुणी म्हणायचं बायको लवकर गेली. कुणी म्हणायचं लग्नच नाही केलं. कुणी म्हणायचं एक मुलगा आहे आणि तो बोलत नाही. मी एकदा विचारायचा प्रयत्न केला. त्यांनी राणी एसटीत बसली का, ते विचारलं.

रेणू चौथीत होती तेव्हा ते निवृत्त झाले. त्यांचा सत्कार करायचं गावानं ठरवलं, आणि शाल कुणी घालायची, नारळ कुणाच्या हातचा, यावर वेशीत पोळ्यासारखं भांडण जुंपलं. गुरुजींनी निरोप पाठवला: सत्कार नको. शाळा आहे, शाळा होईल.

झालीही. दुपार कलली तसं सगळं गाव काही न ठरवता झाडाखाली येऊन उभं राहिलं. आत पोरं पाढे म्हणत होती. एवढ्या वर्षांत गुरुजींनी त्या घंटेला कधी हात लावला नव्हता. कुणी म्हटलं, आज तुम्ही वाजवा, तर म्हणायचे, "मी पगारी माणूस. मान घरच्यांचा असतो."

त्या दिवशी मान तात्यांचा होता आणि सुटीची घंटा तेवढी राहिली होती. सोमू कधीच मोठ्या शाळेत गेलेला, आता त्यांची नात दुसरीत होती. तात्यांनी पिन उचलली आणि वाजवायच्या ऐवजी गुरुजींसमोर धरली.

"माझी पाळी मी तुमाला देतो."

गुरुजींनी मान हलवली. "देता येत न्हाय, सोमूचे आजोबा. नियम तुम्हाला ठाऊक हाय. ज्याचं पोर शाळंत, त्याचा मान."

तात्या तसेच उभे. नियम त्यांचाच होता आणि तो मोडायला आम्हाला त्यांनीच शिकवलं नव्हतं. तेवढ्यात धाकटी पुढं आली. तिनं तात्यांच्या हातातून पिन घेतली. वर्गाच्या दाराकडं बोट केलं. आत पोरं एका सुरात म्हणत होती, आणि त्यात रेणूचा आवाज वेगळा ओळखू येत होता.

"गुरुजी," ती म्हणाली, "ह्यातलं तुमचं कोण न्हाय, तेवढं सांगा."

गुरुजींनी तोंड उघडलं. मग छत्री माझ्या हातात दिली. ती छत्री मी पहिल्यांदाच धरली. मूठ गरम होती.

त्यांनी पिन घेतली. झाडाखाली गेले. हात उचलला, आणि पिन रुळाला नुसती टेकली आणि खाली आली. वारा असता तर वाऱ्याचाही जास्त आवाज झाला असता. तात्यांनी माझ्या कानाशी विचारलं, "वाजली का?"

गुरुजी खाली मान घालून उभे होते.

"ऐकू आलं," धाकटी म्हणाली.

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. आत पोरांना मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांचे पाढे चालूच राहिले, आणि कितीतरी वेळ एकही पोर घरी जायला उठलं नाही.